येथे विराम

तळटीप सात म्हणते : ‘मीठ – घरातील टंचाईचे चित्रण.’
तळटीप आठ : ‘सतरा – लांबचा प्रवास.’
नववीच्या मुलांनी दोन्ही पाठ केल्यात,
परीक्षेला येतात.

मी शिकवतो हे नाटक, उकमेर्गेच्या शाळेत.
खिडकीबाहेर लिंडनची झाडं, बर्फ वितळून झालेला चिखल.
मुलांना सांगत नाही
की या नाटकातला कोंबडा मी होतो.

अकरा वर्षांचा. पडद्यामागे, दोरखंडांच्या वेटोळ्यावर,
तोंडाला पत्र्याचं नरसाळं लावून बसलेला.
पुढच्या खड्ड्यात दोमित्सेले मावशी, मांडीवर संहिता,
जिला कुठलीच ओळ वाचून पाहावी लागत नसे.

नाटक झारच्या काळातलं, म्हणजे निर्धोक.
गिरणीवाला, त्याची बायको, पकडून नेलेला मित्र.
बायको म्हणायची, ‘मीठ आणायला बाजारात कशाला जाऊ?
मागे वळून पाहिलं की झालं.’
आणि सभागृहात कोट घातलेल्या दोनशे पाठी
एकदम ताठ.
‘गाडीला किती दिवस लागतात?’
‘सतरा.’
तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकायचं,
खोकला नसलेलं.
पावाचा तुकडा खाली पडायचा,
गिरणीवाला तो उचलून ओठांना लावायचा
आणि अख्खी बाल्कनी नकळत ओठ मिटायची.
मला वाटायचं, यांना नाटक
आधीच कुणी सांगून ठेवलंय की काय.

मग शेवटचा अंक. दारात शिपाई. विचारतो,
आणि गिरणीवाला म्हणतो, मी नाही ओळखत त्याला.
दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.
तिथे मी.

विल्नियसहून तपासनीस आले. जाड चष्मा, नखं स्वच्छ कापलेली.
मीठ? स्वयंपाकाचा विषय, हरकत नाही.
सतरा? भूगोल.
एकाच जागी पेन्सिल थांबली.
म्हणाले, ‘कोंबडं तेवढं झाकून ठेवा.’
समासात लिहून दिलं : येथे विराम.

त्या रात्री नरसाळं मांडीवर पालथं.
वैदोतस म्हणाला, नाही ओळखत त्याला. तिसऱ्यांदा.
आणि थांबला.
मी ओठ चावून धरले.
खड्ड्यातून मावशीने शब्द पुरवला नाही.
वाटलं, विसरला आता, बुडालं नाटक.
तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या म्हातारीने
तोंडावर हात ठेवला,
तिच्यामागे एकीने, तिच्यामागे एकाने.
सगळ्यांना ऐकू आलं होतं.
मला सोडून.

आणि वरून, कुणी न सांगता,
दिवेवाल्या रिमगाउदसने
तांबडा दिवा
हळूहळू
फुटू दिला.

तपासनीस पाचव्या रांगेत, कडेला.
टाळ्या वाजवल्या नाहीत. टोपी काढून हातात धरली होती,
पण टोपी काय, सगळेच काढतात, आत उकडतं.

पुष्कळ वर्षांनी, दाढी करताना, डोक्यात आलं :
मीठ कळलं नाही, सतरा कळले नाहीत
अशा माणसाला नेमका कोंबडाच कसा सापडला?
कुठल्या खेड्यात, कुणाच्या शेजारी गुडघे टेकून
त्याने ती गोष्ट ऐकली असेल, पहाटेच्या थंडीत,
की सगळ्या नाटकात तेवढंच टोचावं?
की मीठही कळलं होतं?

छापील प्रतीत कोंबडा नाहीच.
शेवटच्या बाकावरची ऊग्ने विचारते,
‘सर, हा विराम किती वेळाचा?’
त्याला तळटीप नाही.
मी खडू ठेवतो. म्हणतो, मोजू या.
कुणीतरी हसतं. कुणाचा तरी फोन बाकात थरथरतो.
बाहेर गटारातून बर्फाचं पाणी चाललंय.
आम्ही अजून मोजतोय.