रिव्हर्स

मंगळवारी संध्याकाळी चर्चमागचं पार्किंग रिकामं असतं.
त्या हिवाळ्यात मी तिथे तीन केशरी शंकू मांडायची,
चौथा जानेवारीपासून सापडत नव्हता,
म्हणून त्याच्या जागी रंगाचा रिकामा डबा.
आणि माझी जुनी ब्यूइक,
जिचं डावं दार आतून उघडत नाही.

एकतीस वर्षं टोलीडोची बस चालवली मी.
पाळकसाहेब म्हणाले, व्हर्लीनबाई,
उपदेश तुम्हाला जमत नाही,
स्तोत्रात तुमचा सूर हमखास घसरतो,
पण गाडी येते ना?
तर ही माझी सेवा.

येतात ती मुलं अठरा पुरी झालेली,
म्हणजे सरकारच्या वहीत मोठी झालेली.
सांभाळणाऱ्या शेवटच्या घरातून निघताना
कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत
आणि कागदावर चार फोन नंबर,
त्यातले दोन लागत नाहीत.

टेवियननं नऊ घरं बदललेली.
आरसा नीट लाव म्हटलं
तर स्वतःचाच चेहरा बघत बसला.
म्हटलं, बाबा, तो तोंड बघायला नाही,
मागून कोण येतंय ते कळायला आहे.
"माझ्यामागे कोण येणार?"
हसला नाही.
मीही नाही.

पुढे झकास चालवायचा.
रिव्हर्स म्हटलं की खांदे दगडासारखे.
शंकू आडवे, डबा चेपलेला,
आणि तोंडाने असे शब्द
की वेदीवरच्या मेणबत्त्या विझाव्यात.
मी म्हणायची, नुसत्या आरशावर भागत नाही, लेकरा,
मागे जायचं तर मान वळवावी लागते.
मान काही वळायची नाही.

मार्चमधला बुधवार. रात्री खिळ्याला किल्ली नव्हती.
बाहेर गाडीच्या जागी बर्फ न पडलेला
एक कोरडा चौकोन.
अर्नेस्टीन म्हणाली, पोलिसांना कळव.
मग आम्ही दोघी गप्प.
काळा पोरगा, लायसन नाही, रात्रीची वेळ,
त्या फोनचं पुढे काय होतं
ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले.
प्रभू, म्हटलं, नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून
तू एकाच्या मागे गेलास, ते मला पाठ आहे.
पण हे मेंढरू माझी गाडी घेऊन गेलंय.
मी कशाने शोधायला जाऊ?
मग रागानेच आमेन म्हटलं.
कॉफी केली. ओतून दिली. पुन्हा केली.

सकाळी पावणेसातला ब्यूइक जागेवर होती,
दोन पांढऱ्या रेघांच्या बरोब्बर मध्ये,
उलटी लावलेली. शंकू नाहीत, डबा नाही.
टाकी भरलेली. डॅशबोर्डवर पावती,
गाव दोन तासांवरचं,
जिथे बायकांचा तुरुंग आहे.

रात्री उजवीकडून चढला-उतरला असणार.
आता मात्र स्टिअरिंग धरून बसूनच होता.
काच खाली केली.
"आत घेत नाहीत रात्री. मला माहीत होतं.
बाहेरून खिडक्या मोजल्या.
तिची कुठली ते कळलं नाही."
मग बराच वेळाने,
"तिथे रस्ता संपतो. वळायला जागा नाही.
सगळी गल्ली मागे मागे यावं लागलं."

क्षमेवर एक चांगलं वचन आहे, ते आठवेना.
विचारलं, दिवे लावले होतेस?
"हो."
पट्टा?
"हो."
मग मात्र मी जी तोंडाला लागले
ती वरच्या मजल्यावर पाळकसाहेबांची खिडकी उघडेपर्यंत.
महिनाभर गाडीला हात नाही, म्हटलं.
पण मंगळवारी यायचं. सहाच्या ठोक्याला.
तिघं नवे येतायत, शंकू तू मांडायचेस.

बाहेरून दार उघडलं.
उतरला, माझ्यापेक्षा हातभर उंच,
बुटांकडे बघत म्हणाला,
"चौथा शंकू डिकीत आहे, स्टेपनीखाली.
मीच लपवलेला.
वाटलं, एक कमी पडला
तर रिव्हर्स टळेल."