ग्रामितोनची अंघोळ

आधी चूल पेटवायची, वर पातेलं ठेवायचं,
मग त्याला पटवायचं की आज शनिवार आहे.
"शनिवारी मीटिंग असते," तो म्हणतो.
मीटिंग घेणारा पक्ष गेला, लाल कापड गेलं,
त्या सभागृहात आता एक पोरगा अळंबी पिकवतो.
तरी मी सांगते, मीटिंग पुढे ढकललीये,
बटणं काढ.

माझा बाप्तिस्मा झाला कणीक मळायच्या काथवटीत,
रात्री, खिडक्यांना घोंगड्या लावून.
पाद्री दिवसा रेल्वेच्या गोदामावर पहारेकरी;
झगा पिशवीत, झग्यावर कांदे.
आम्हा जॉर्जियन लोकांच्या भाषेत बाप्तिस्मा म्हणजे
प्रकाश घेणं,
आणि त्या रात्री एकाहून जास्त मेणबत्त्या लावायची
घरात कुणाची छाती नव्हती.
तीनदा बुडवलं. आई सांगायची,
तिसऱ्या वेळी मी असा टाहो फोडला
की पाद्रीबाबांनी हातानं माझं तोंड दाबलं
आणि माझं नाव
कुजबुजून घेतलं: ऐतेरी.

चौथ्या दिवशी जिल्ह्याला कागद गेला.
खाली सही नव्हती. गरजही नव्हती.
ग्रामितोन शाळेत इतिहास शिकवायचा,
फळ्यावरचं ते वळणदार अक्षर
गावातलं शेंबडं पोरही ओळखायचं.
माझ्या वडिलांनी मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर पाणी सोडलं
आणि बावीस वर्षं खाणीतून दगड वाहिले, ट्रकनं.
त्यांनी कधी त्याचं नाव घेतलं नाही.
त्याच्या घरासमोरून जाताना फक्त गिअर बदलायचे.

तेव्हापासून आम्ही त्याला पाण्यात पाहिलं.
वडील गेल्यावर माझ्या वाट्याला आली
अक्रोडाची चार झाडं
आणि हे पाहणं.

त्याची मुलगी नानुली इटलीत, बारी शहरात
कुणा श्रीमंत म्हातारीला न्हाऊ घालते.
तिचा फोन आला: "मी इथे परक्या आईला धुते,
माझ्या बापाला तिथे कोण धुणार, ऐतेरी?"
मी फोन ठेवून दिला.
तीन आठवडे तो ठेवलेलाच होता.
मग जानेवारीत, पाण्याला आशीर्वाद देण्याच्या सणाला,
आमचा नवा पाद्री, दाढी अजून नीट न भरलेला,
रिओनीच्या काठावर बर्फात उभा राहून विचारता झाला,
"प्रकाश घेतलात ना? मग ठेवलात कुठे?"
लोक पाय आपटत होते थंडीनं.
मला आठवलं, माझा माळ्यावर आहे,
रिकाम्या बरण्यांच्या मागे.

मी क्षमा केली असं कुणी म्हणू नये.
ते मोठं काम, मला त्यातलं कळत नाही.
मला कळतं ते कोपर बुडवून बघायचं,
पाणी फार कढत तर नाही ना.
मला कळतात त्याच्या पाठीवरचे व्रण,
मांडीच्या घडीत घालायची पावडर,
आणि नखं, जी तो कापू देत नाही.
पहिल्या शनिवारी मी त्याला जरा जोरानंच घासलं.
तो काही बोलला नाही.
घरी येऊन मी तेच हात
पुन्हा पुन्हा धूत बसले.

आता दर शनिवारी त्याला पाण्यात पाहते.
बरगड्या, बेंबी, दोन निळसर गुडघे.
स्वतःचं नाव त्याच्या हातून सारखं निसटतं,
म्हणून डोक्यावर मग ओतताना मी ते घेते:
ग्रामितोन.
दुसरा मग: ग्रामितोन.
तिसऱ्याला तो ओरडतो, डोळ्यांत साबण,
आणि मी तळहातानं त्याचे डोळे झाकते.

आज हाताखालून त्यानं विचारलं,
"तू कुणाची गं?"
"सेवेरियानची."
चुलीत लाकूड तडकलं. तो बराच वेळ
कुठल्यातरी जुन्या वर्गात उभा राहून आला.
"भला माणूस," म्हणाला.
"त्याच्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा असायचा."

माझ्या हातातला मग अर्धा भरलेला होता.
"हो," मी म्हटलं. "अजून असतो.
मान पुढे कर,
कानामागे साबण राहिलाय."