सोमवारची मोजणी

दर सोमवारी मी कन्हानच्या पात्रात उतरते,
चप्पल हातात, वही काखेत,
पिवळ्या डब्यांची झाकणं फिरवून
मेलेल्या माश्या पांढऱ्या बशीत ओतते.
नऊ वाजताच वाळू चटके देते.

डबा चार : एकेचाळीस.
डबा पाच : सदुसष्ट.
डबा सहा कुत्र्यानं पाडला होता, त्यात नुसत्या मुंग्या.

फुलवंता मारबते वेलाशी उकिडवी बसून
माझं मोजणं बघते.
"इतक्या मेल्या, तरी माहे डांगरं काहून सडते?"
मी सांगते, या डब्यातल्या वासाला
फक्त नर भुलतात.
ती खुरपं खाली ठेवते.
"म्हंजे तुमी नवरेच पकडून ऱ्हायले,
अन् बायका आपल्या कामावर?"
आणि इतकी हसते
की पलीकडच्या वाडीतला तिचा दीर मान वर करून बघतो.

मग ती दाखवते, जे माझ्या वहीत नाही :
लिंबाएवढं कोवळं फळ, त्यावर एक टोचा,
आणि टोच्यावर वाळलेला चिकाचा थेंब,
नुकत्या टोचलेल्या नाकातल्या चमकीसारखा.
"उद्या हे इथूनच वाकडं होईन.
परवा पिवळं. लोक म्हणतीन, ऊन लागलं."

चांगली फळं तिनं कागदात गुंडाळलीत.
वाळूत ओळीनं पडलेत जुने पेपर :
वधू पाहिजे. प्लॉट विकणे आहे, मौजा बेसा.
हरवला आहे, वर्ण सावळा, अंगात चौकड्याचा शर्ट.
प्रत्येकाच्या आत एक डांगरू
गुपचूप मोठं होतंय.

सडकी फळं ती दोन हात खोल पुरते.
उथळ पुरलं, तर वाळू त्यांना दाईसारखी जपते म्हणे.

टोचलेलं एक मी मागून घेतलं.
धरमपेठेतल्या खोलीत, काचेच्या बरणीत वाळू,
तोंडाला मलमल.
पाचव्या रात्री टप् टप् आवाज आला.
अळ्या स्वतःचंच शेपूट तोंडात धरून
उड्या मारत होत्या, काचेवर आपटून पुन्हा वाळूत.
मी दिवा लावला नाही. ऐकत पडले.

मग आठवडाभर काहीच नाही.

मग एका सकाळी मलमलीखाली ती उभी,
पंख वाळवत :
विटकरी अंग, पाठीवर पिवळ्या रेघा,
पंखांच्या कडेला धुराचा पट्टा,
पोटाच्या टोकाला सुई.
कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी.

बरणी मी फ्रीजरमध्ये ठेवली.
तसंच करायचं असतं.

आजची बेरीज : तीनशे बारा.
छापील तक्त्यात मादीचा रकाना नाही.
समासात पेन्सिलीनं "एक" लिहिलं.
पुढे काय लिहावं सुचेना,
म्हणून सापडल्याचं ठिकाण लिहिलं :
धरमपेठ, दुसरा मजला.