डावीकडे

साखरीला पहिल्यांदा पाहिलं
ते दूध बाजारामागच्या बोळात, ऐन लग्नसराईत.
पाठीवर जरीची झूल तशीच,
पोटात कळ, म्हणून वळून वळून कुशीकडे बघत होती.
मी नवी. सरकारी बॅगही नवी.
बोटं शिकवल्यासारखी गेली
डाव्या जबड्याच्या खालच्या कडेला,
जिथे धमनी हाडावरून वळून गालावर चढते
आणि दोन बोटांखाली सुतळीसारखी सरकते.
सरकायला हवी.

हाड. कातडं. माझी बोटं.

घोडी समोर उभी, शेपटीनं माशा वारतेय,
आणि माझ्या हिशेबी मेलेली.

मुनाफचाचा म्हणाले, "तिथं नाही लागायची, डॉक्टरबाई.
उजवीकडं लागंल. डावीकडं तिचं असंच."
मग डोळ्यामागे, गालाच्या हाडाखाली
त्यांनी स्वतःचा अंगठा टेकवला, लगेच काढून घेतला,
जागा दाखवण्यापुरता.
मी तिथे मोजली. बावन्न.
त्या रात्री ती वाचली. वरात मात्र गाडीतून निघाली.

कॉलेजात निफाडचा पुंजाराम होता, शवागाराचा शिपाई.
घोड्याच्या करॉटिडमध्ये लाल रंग भरायचा
आणि पिचकारी धुता धुता बोलायचा,
"इतक्या माना खोलल्या,
पण एकीची फांदी दुसरीशी जुळंल तर शपथ."
आम्ही हसायचो. वहीत उतरवायचो ते फळ्यावरचं चित्र,
ज्यात दोन्ही बाजू आरशासारख्या.

नऊ वर्षांनी विल्होळीच्या माळावर
साखरी आडवी पडलेली, शेजारी खड्डा, जेसीबी सुरूच.
"एकदा बघू का?"
चाचांनी पाठ फिरवली
आणि झुलीची घडी घालत बसले,
घातलेली मोडून पुन्हा घालत.

मान उघडली. उजवीकडे सगळं फळ्यावरचं.
डावीकडे जबड्याकडे जाणारी फांदी
चघळायच्या स्नायूतच विरलेली, शिवणीच्या दोऱ्याएवढी,
जिभेची धमनी एकटीच निघालेली,
आणि डोळ्यामागची, जी बारीक असायची,
ती करंगळीएवढी जाड.
ओठाला, नाकपुडीला रक्त तिनंच पुरवलं होतं
चौदा वर्षं, कुणाला न सांगता.

तिवंध्यात माझ्या आत्याच्या घरी
पालिकेच्या नकाशात नळ पुढच्या दाराला आहे.
पाणी येतं मागच्या भिंतीतून, शेजाऱ्यांच्या मोरीवरून.
कधीपासून, ते आत्यालाही माहीत नाही.
हंडा भरतो.

फॉर्मवर एक रकाना होता: विकृती.
पेन त्याच्यावर धरून मी उगाच उभी राहिले.
जेसीबीवाल्यानं हॉर्न दिला.
"हिच्या आईला पण असंच होतं?" मी विचारलं.
चाचा वळले नाहीत.
"तिला डोळ्यामागंच लागायची. हिच्या मावशीचं काय माहीत,
ती मालेगावला विकली."

विकृतीवर मी आडवी रेघ मारली
आणि खाली, शेऱ्याच्या जागेत लिहिलं:
डावीकडे आईवर गेलेली.