हातचा एक

पहाटे चारला, बोट सोडायच्या आधी,
केतिल्ल माझे हात बघतो. आभाळ नंतर.
"अंगठा करंगळीला लाव.
लागत नसेल तर आज जाळं नाही,
नुसती कॉफी ओतायची."

आइसलँडच्या या टोकाला एप्रिल म्हणजे
पाऊस आणि बर्फ यांचं न मिटलेलं भांडण.
माझे नारिंगी रबरी मोजे नवे, दुकानातले.
आठव्या जाळ्यापर्यंत आत तळं साचलं
आणि बोटं त्यात मेलेल्या माशांसारखी.

त्याचे लोकरीचे. बहिणीने, ग्वुद्लोयगने, विणून
गरम पाण्यात मळून आटवलेले,
एकेकाला दोन-दोन अंगठे.
तळवा झिजला की मोजा फिरवायचा,
तोवर दुसरा अंगठा लोंबतो
वासराच्या कानासारखा.
आधी समुद्रात बुडवतो, मग पिळतो, मग घालतो.
कोरडं राहायच्या नादाला तो लागतच नाही.

नवव्याला वारा उत्तरेला वळला.
दोरीला गाठ पडली.
मी गाठीकडे पाहिलं, मग हाताकडे,
कुणी विसरून गेलेली वस्तू असावी तसं.
सुरी पडली. पडल्याचा आवाज आला,
सुटल्याचं कळलं नाही.

तो रागावला नाही.
इंजिनातून उतू जाणारं कोमट पाणी, डिझेलचा वास असलेलं,
त्याखाली त्याने माझी मनगटं धरली.
"हळू. ऊन पाणी नको, घाई नको."
मग खांद्यापासून हात गरगर फिरवायला लावले,
मी बोटीवर एकटीच पवनचक्की.

रक्त परत आलं तेव्हा
मी आईवरून शिव्या दिल्या, रडलेसुद्धा.
तो सभ्यपणे पक्ष्यांकडे बघत राहिला.
"दुखतंय?"
"हो!"
"मग आहेत अजून."
त्याच्या डाव्या हाताची दोन नाहीत.
कधी गेली ते तो सांगत नाही, फक्त
गाठ मारताना जरा वेगळ्या वाटेने जातो.

परतताना म्हणाला, सोल्रून,
सगळी बोटं समुद्रावर खर्चू नकोस.
धक्क्याला बोट बांधायची असते.
शाळेत बेरजा करताना
मी नेमका तोच विसरायचे, हातचा एक,
आणि उत्तर दहाने चुकायचं.

घरी जॅकेटची चेन उघडेना.
सहा वर्षांच्या भाचीला हाक मारली.
तिने दोन बोटांनी ओढली, सर्रकन,
काही विशेष न केल्यासारखी.
हात लोण्याने चिकट होते तिचे,
आणि केवढे गरम.