पायाचं माप

धारणीच्या फाट्यावर, माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये
बाकड्यावर दोन पेडल-सेट मांडले होते.
एक वरून लटकणारा, खोक्यातला, अजून तेलकट कागदात.
दुसरा फरशीतून वर येणारा, भंगारातल्या जीपचा,
बुडाशी सिपनेचा गाळ सुकून बसलेला.

सुगरती मावसकर आली ती थेट टेपच मागत.
म्हटलं, गाडीचं माप आहे माझ्याकडे.
"गाडीचं नाई, मायं घ्या,"
आणि चप्पल काढून स्टुलावर बसली.

जीप तिच्या भावाची. सहा फुटी गडी,
आता इंदूरला क्रेन चालवतो.
त्याच्या मांडीच्या हिशेबाने बसलेली सीट, बसलेला क्लच.
हिची टाच फरशीपासून चार बोटं वर.
टाच टेकली नाही की पाय मोजत नाही,
नुसता ढकलतो.
हे मी पुष्कळांना सांगितलंय,
ऐकलंय कमी जणांनी.

मग मी बोलू लागलो, म्हणजे विकू लागलो:
खिळीपासून पायापर्यंत किती,
खिळीपासून दांडीपर्यंत किती,
सहाला एक आलं तर पाय हलका.
मास्टर सिलेंडर बारीक घेतलास तर दाब वाढेल
पण पेडल खोल जाईल;
पहार लांबून धरली की जोर वाचतो,
धोंडा मात्र बोटभरच हलतो, तसं.
लटकत्याचा सिलेंडर बॉनेटखाली, पाण्याच्या वर.
फरशीतल्याचा गाडीच्या पोटाखाली,
दगड, शेण, रेती
सगळ्यांची पहिली ओळख त्याच्याशी.

ती ऐकत नव्हती. किंवा पायाने ऐकत होती.
डोळे मिटून लटकतं पेडल दाबलं,
सोडलं, पुन्हा दाबलं.
ज्या पत्र्याला मी ते ठोकलं होतं तो टुणकन वाकला.
"हे काय वाकलं?"
पत्रा.
"गाडीतबी वाकन?"

बावीस वर्षं पेडलं विकतोय मी.
मागून जाड पट्टी लावावी लागते, हे
गिऱ्हाईक घाटातून परत आल्यावर सांगायची माझी सवय.
त्या दिवशी आधी सांगितलं.
तीनशे रुपये जास्त.

"ब्रेक हा नवाच द्या.
क्लच मातर जुना, केबलचा."
मी हसलो. केबल गंजते, कडक होते, गुडघा खाते,
माझाच डावा बघ म्हटलं.
"तेल गळलं त रानात तेल कुठून आनू?
केबल तुटली त तार बांधीन.
तार नसन त क्लचबिगर गेर टाकीन.
ब्रेकबिगर काय टाकू?"

शेडमध्ये रेडिओ नव्हता,
तरी काहीतरी बंद झाल्यासारखं वाटलं.

मग रबराचं निघालं. ओल्या पायाला रबर निसटतं.
तिनं भोकांची लोखंडी पट्टी निवडली,
चिखल खालून पडून जावा म्हणून,
आणि अनवाणी तळव्याला टोचू नये इतकी कानस
स्वतःच मारत बसली, दुपारभर.
टाचेखाली सागाचा ठोकळा. तोही तिनंच आणलेला,
त्यात कोणाच्या तरी बाजेचं भोक होतं.

पुढची चाकं किती धरावी, मागची किती,
हा तोल सिपनेच्या कोरड्या पात्रात लावला.
पुढची आधी जखडली तर उतारावर
स्टिअरिंग नुसतं हातात राहतं.
सात वेळा ब्रेक, सात वेळा मी उतरून
वाकून रेतीतले ओरखडे पाहिले.
आठव्यांदा ती म्हणाली,
"आता तुमी उतरू नका. समजलं मले."

दोन पेडलं, दोन उंचीची, दोन काळांची.
माझ्या डोळ्याला ते अजून तिरपं दिसतं.

शुक्रवारच्या बाजाराला ती आली,
मागे नऊ माणसं, तीन बकऱ्या, एक शिवणयंत्र,
घाट उतरून शेडसमोर थांबली
आणि एकही बकरी पुढे सरकली नाही.
मी विचारलं, कसा आहे पाय?
"पाय बराबर हाय,
हॉर्न वाजत नाई तुमचा."