पाचवा घोडा

रंगाचे सात थर खरवडले योहान्काने,
लाल, शेवाळी, फौजी करडा,
तेव्हा कुठे लागलं लिंडनचं लाकूड,
सायीच्या रंगाचं.

मेरी-गो-राउंडचे बारा घोडे
नायसेकाठच्या बटाट्यांच्या कोठारात
लढाईभर उभे होते, पेंढ्याखाली.
अकरा शाबूत.
पाचव्याचा मागचा पाय
सेहेचाळीसच्या थंडीत चुलीत गेला.

फोल्कमार रोज येतो, टोपी हातात,
उंबरा ओलांडत नाही.
आज बोलला,
"करवत मीच धरली होती.
आठ वर्षांचा होतो.
त्या जाळावर सलगम शिजलं, नुसत्या पाण्यात.
गेर्लिंडे जगली."

नवा पाय बसला.
योहान्काने तो रंगवला नाही.

शनिवारी पहिली फेरी.
गेर्लिंडेची चिठ्ठी आलीय:
पाचव्यावर बसायला
वयाची अट आहे का?